दर उन्हाळ्यात भात्यातून पुन्हा उजेड शिरतो: जुन्या मोठ्या कॅमेऱ्याच्या भात्याची (बेलोजची) सफाई आणि दुरुस्ती

भाता म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधली घड्याघड्यांची काळी नळी. त्याबद्दल तक्रार बहुतेकांची एकच असते. भात्याची भोकं बुजवली, पावसाळा आणि थंडीभर कॅमेरा ठणठणीत चालला, आणि एप्रिल लागला की निगेटिव्हवर पुन्हा धुरकट पट्टा. मग पुन्हा काळा रंग, पुन्हा टेप, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. सोलापुरातल्या जुन्या घरांच्या आणि बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यांवरून हाफ प्लेट, फुल प्लेट अशा जुन्या काचेच्या प्लेटांच्या मापांचे लाकडी कॅमेरे आता खाली येऊ लागलेत, नवी मुलं त्यांत हौसेनं फिल्म घालतायत, आणि पहिल्याच मे महिन्यात हात टेकतायत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

दुखणं दरवर्षी त्याच ऋतूत परत येत असेल तर कारणही ऋतूतच शोधायला हवं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठक्क असते. त्या हवेत कॅमेऱ्यात तीन गोष्टी एकदम घडतात. लाकूड आकसतं, चामडं कडक होतं, आणि आधीच्या दुरुस्तीतला रंग किंवा डिंक उष्णतेनं मऊ पडून चिकटतो. या तिन्हींचं लक्षण एकच, फिल्मवर उजेड. उपाय मात्र तीन वेगळे आहेत. भाता धडधाकट असताना त्याच्यावर रंगाचे थर चढत राहतात ते या घोळामुळेच.

लाकडाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून आधी तेच सांगतो. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रेषांच्या आडव्या दिशेनं आकसतं. त्यामुळे मागच्या चौकटीत, जिथे होल्डर (फिल्म धरणारी चपटी पेटी) बसतो तिथे, उन्हाळ्यात केसाएवढी फट पडते. लेन्स बोर्डच्या, म्हणजे लेन्स बसवलेल्या पुढच्या फळीच्या, खाचेतही पडते. जून-जुलैत हवेत ओल आली की लाकूड फुगतं आणि फट आपोआप मिटते. मधल्या काळात तुम्ही भात्यावर रंग मारलेला असतो, त्यामुळे श्रेय रंगाला जातं. पुढच्या एप्रिलमध्ये फट पुन्हा उघडते आणि दोष भात्याला लागतो.

म्हणून ब्रश हातात घेण्याआधी उजेड नेमका कुठून येतोय ते पक्कं करा.

आधी निगेटिव्ह वाचा

खराब झालेल्या तीन-चार फिल्म शेजारी शेजारी ठेवा. डाग एकाच होल्डरच्या फिल्मवर असेल तर होल्डर बघा. डार्क स्लाइड (होल्डरमधल्या फिल्मवरचं सरकतं झाकण) जिथून ओढतो त्या फटीतली मखमल किंवा फेल्ट झिजली की त्या बाजूनं आत येणारी पट्टी उमटते. डाग सगळ्या होल्डरवर, पण चौकटीच्या कडेपासून आत पसरणारा असेल तर मागच्या लाकडाची फट. कडेला न चिकटलेला, मधेच कुठेतरी मऊ ढगासारखा डाग असेल तर भात्यातलं छिद्र. फिल्म एकसारखी फिकट धुरकट (फॉग) झाली असेल, ठळक डागच नसेल, तर भात्याचं कापड किंवा चामडं जागोजागी विरलंय आणि सगळ्या अंगातून उजेड गाळतंय असा संशय घ्या.

एक खूण फार उपयोगी पडते. भर दुपारी काढलेल्या फोटोंच्या आकाशातच पांढुरका डाग येत असेल तर छिद्र बहुधा भात्याच्या वरच्या बाजूला आहे. डोक्यावरच्या उन्हाची तिरीप वरच्या छिद्रातून शिरून फिल्मच्या खालच्या भागावर पडते. कॅमेऱ्यात चित्र उलटं असतं, म्हणून प्रिंटवर तो भाग आकाशाचा निघतो.

मग टोपीची चाचणी करा. लेन्सवर घट्ट टोपी, शटर बंद, होल्डरमध्ये चाचणीपुरती फिल्म. चांगली फिल्म यात घालवू नका. वैद्यकीय एक्स-रे फिल्म मिळाली तर उत्तम. ती स्वस्त पडते आणि गडद लाल दिव्यात कापता येते. नसेल तर ब्लॅक अँड व्हाइट एन्लार्जिंग पेपर चालतो, पण त्याचा वेग आयएसओ ६ च्या आसपास, म्हणून वेळ जास्त द्यावा लागतो. भाता पूर्ण ताणून कॅमेरा उन्हात ठेवा, डार्क स्लाइड अर्धीच ओढा आणि कॅमेऱ्याच्या चारही बाजू आळीपाळीनं उन्हाकडे करत दहाएक मिनिटं जाऊ द्या. फिल्म धुतल्यावर उघडा अर्धा काळा आणि झाकलेला अर्धा स्वच्छ निघाला तर उजेड कॅमेऱ्यातून येतोय. दोन्ही अर्धे काळे असतील तर होल्डर किंवा तुमची डार्करूम तपासा, भात्याला हात लावायचं काम नाही.

आता हीच चाचणी मागच्या चौकटीच्या आणि लेन्स बोर्डच्या सांध्यांवर जाड काळं कापड गुंडाळून पुन्हा करा. डाग गेला तर दोष लाकडात आहे. खाचेत पातळ काळी मखमल किंवा फेल्टची पट्टी बसवली की काम होतं. पट्टी पातळच घ्या. उन्हाळ्यात फट पाहून जाड पट्टी भरली तर पावसाळ्यात लाकूड फुगेल, होल्डर आत जाणार नाही, आणि जोर लावला तर जुनी चौकट सांध्यात उकलेल.

टॉर्च

डाग कायम राहिला तर मग भाता. रात्री खोलीचे दिवे बंद करा, लेन्स बोर्ड काढून छोटा एलईडी टॉर्च आत सोडा आणि ते तोंड काळ्या कापडानं बंद करा. बल्बचा टॉर्च नको, त्याची धग अस्तराला लागते. डोळे अंधाराला सरावायला पाच-दहा मिनिटं द्या. भाता पूर्ण ताणा, आणि मग पुढची चौकट वर-खाली, डावी-उजवीकडे हलवत बघा. कित्येक छिद्रं सरळ ताणलेल्या भात्यात दिसत नाहीत, चौकट तिरकी झाली की कोपऱ्यात उघडतात आणि सरळ केली की मिटतात. दिसलेल्या प्रत्येक छिद्राशेजारी खडूनं बारीक खूण करा. मोबाईलचा कॅमेरा नाइट मोडवर ठेवून भात्याचा फोटो घेतला तर डोळ्यांना न दिसलेले ठिपकेही त्यात येतात.

छिद्रं जवळजवळ नेहमी कोपऱ्यावर, घडीच्या बाहेरच्या टोकाला सापडतील. तिथे आडवी घडी आणि कोपऱ्याची दुमड एकाच बिंदूत भेटते. भाता उघडताना आणि मिटताना तो बिंदू दोन दिशांना वाकतो. भिंगातून पाहिलं तर आधी चामड्याचा काळा रंग उडून तपकिरी टोक दिसतं, मग त्यावर तारेसारख्या बारीक भेगा, आणि भेगांच्या मधोमध अस्तराचे दोन-चार धागे उघडे. धागे शाबूत असतील तर दुरुस्ती टिकते. धागेच तुटले असतील तर नुसत्या रंगानं भागणार नाही, ठिगळ लागेल.

सफाई

दुरुस्तीआधी सफाई हवीच. धुळीवर मारलेला रंग धुळीसकट सुटतो. आपल्याकडची धूळ म्हणजे काळ्या मातीची बारीक पूड. सोलापूरच्या पूर्वभागात किंवा यंत्रमागाच्या शेजारी राहत असाल तर तिच्यात सुताची कसपटंही मिसळलेली. ती घड्यांच्या बुडाशी नमद्यासारखी थापून बसते. भाता ताणून ठेवा आणि दाढीच्या मऊ ब्रशनं एकेक घडी वरून खाली झाडा. मग रबरी फुग्याच्या ब्लोअरनं हवा मारा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण चामड्यावर डाग पाडतात. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको, सुटत आलेलं अस्तर तिनं उचकटतं.

आतली बाजू बाहेरच्यापेक्षा महत्त्वाची. आतली धूळ भाता उघडताना उडून फिल्मवर बसते. त्या जागी फिल्मला उजेड मिळत नाही आणि प्रिंटवर काळे ठिपके येतात. ते ठिपके पुसून काढायला जेवढा वेळ जातो त्याच्या निम्म्या वेळात भाता आतून साफ होतो. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडाला पातळ कापड बांधून, सगळ्यात कमी ओढीवर, अस्तराला न टेकवता फिरवा.

पाणी जपून. घट्ट पिळलेल्या सुती फडक्यानं बाहेरून एक हात फिरवला तर चालतो, त्याहून ओल नको. घड्यांना आकार देणाऱ्या कार्डाच्या पट्ट्या चामडं आणि अस्तर यांच्यामध्ये चिकटवलेल्या असतात. जुन्या भात्यात ते चिकटवणं सरसाचं किंवा खळीचं असतं. ओल आत गेली की पट्टी सुटते, घडी चुकीच्या जागी मोडते आणि भाता कायमचा वाकडा मिटतो. पावसाळ्यानंतर पांढरट बुरशी दिसली तर भाता आधी मोकळ्या हवेत सुकू द्या, ब्रशनं बुरशी घराबाहेर झाडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं किंचित ओलसर केलेल्या फडक्यानं पुसा. आधी न दिसणाऱ्या घडीवर पुसून बघा. फडक्याला काळा रंग लागला तर थांबा.

चामडं कडक झालं की घराघरात पहिला हात खोबरेल तेलाकडे जातो. कृपा करून लावू नका. तेल चामड्यातून अस्तरात उतरतं, पट्ट्यांचा चिकटपणा सैल करतं, धूळ ओढून धरतं आणि काही महिन्यांत खवट होतं. शिवाय तेलकट जागेवर पुढे कुठलंच ठिगळ धरत नाही. व्हॅसलिन आणि शू पॉलिश यांचंही तेच. चामडं धड असेल तर चामड्याचं चांगलं कंडिशनर, फडक्याला जेमतेम लावून, फक्त बाहेरून, आणि तेही दुरुस्तीनंतर. हात लावताच बोटाला विटकरी पूड लागत असेल तर ते चामडं आतून कुजलंय. त्याला मऊ करायचा नाद सोडा. जुन्या पुस्तकांच्या चामडी बांधणीवर अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं क्लुसेल जी (सेल्युलोजपासून केलेलं एक द्रव्य) लावतात. त्यानं पूड झडणं थांबतं, पण चामड्याची ताकद परत येत नाही. असा भाता कपाटात शोभेला ठेवा आणि कामासाठी नवा करा.

दुरुस्ती, आणि ती का टिकत नाही

टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्राला काळा ॲक्रिलिक फॅब्रिक कलर पुरतो. फेव्हिक्रिलची बाटली कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. कापडासाठी केलेला हा रंग वाळल्यावर लवचिक राहतो, तडकत नाही. भाता पूर्ण ताणलेला असताना बारीक ब्रशनं पातळ थर द्या, वाळू द्या, मग दुसरा. एकच जाड थर दिला तर तो वरून वाळतो, आतून ओला राहतो, आणि पहिल्याच घडीला सोलून निघतो.

धागे तुटलेल्या कोपऱ्याला मलमलीचा तुकडा घ्या, नखाहून थोडा मोठा, कडा गोल कापलेला. तो याच काळ्या रंगात भिजवून, जादा रंग बोटांनी निपटून, कोपऱ्यावर बसवा आणि ब्रशच्या टोकानं घडीच्या दोन्ही उतारांवर दाबा. मलमल पातळ असल्यानं घडीची जाडी वाढत नाही. ठिगळाचं खरं मर्म तेवढंच आहे. ठिगळ जाड झालं की कोपरा तिथे वाकायचं नाकारतो, वाकण्याचा ताण शेजारच्या घडीवर जातो, आणि वर्षभरात छिद्र शेजारी पडतं. ‘दुरुस्त केलं तरी नवी भोकं पडतात’ असं म्हणणाऱ्यांचे भाते बघा, प्रत्येक नवं भोक जुन्या जाड ठिगळाच्या शेजारी सापडेल.

मोठी चीर असेल तर चामड्याचंच ठिगळ. ते चांभाराकडून कडा तासून घ्या. रापीनं कड कागदाएवढी पातळ करणारा हात त्याच्याकडे असतो, घरच्या ब्लेडनं ते जमत नाही. चिकटवायला फेव्हिकॉल एसआर ९९८ सारखं रबरी सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावून, हाताला चिकटेनासं झाल्यावर दाबा. छत्रीचं काळं कापड बरेच जण सुचवतात. पातळपणात ते उत्तम आहे, पण टॉर्चसमोर धरून बघा, एकेरी कापडातून उजेड दिसतो. वापरायचं तर वर काळ्या रंगाचा हात हवाच.

फेविक्विक नको, ते काचेसारखं कडक होऊन घडीवर मोडतं. इन्सुलेशन टेप एखाद्या दिवसाच्या कामापुरती ठीक. आपल्या मे महिन्यात तिचा गोंद पातळ होऊन ओघळतो, टेप सरकते, आणि मागे राहिलेला चिकटा काढताना चामड्याचा रंग निघून येतो.

आता दर उन्हाळ्याच्या दुखण्याचं दुसरं मोठं कारण. ॲक्रिलिक रंग वाळला तरी उष्णतेत थोडा मऊ होतो. भाता मिटलेला असेल तर रंगवलेल्या दोन घड्या एकमेकींना दाबून बसतात आणि हळूहळू चिकटतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर हे हमखास होतं. मग फोटो काढायच्या दिवशी भाता ओढला की चर्र आवाज येतो, रंग एका घडीवरून सुटून दुसरीवर जातो आणि छिद्र होतं तसं उघडं पडतं. उपाय सोपा आहे. रंग वाळल्यावर भाता किमान दोन दिवस ताणलेलाच ठेवा. मग रंगवलेल्या जागी बाहेरून टाल्कम पावडरीचं बोट फिरवून जादा झाडून टाका. आतून पावडर कधीच नाही. उन्हाळाभर कॅमेरा मिटून राहणार असेल तर दुरुस्त केलेल्या घड्यांमध्ये बटर पेपरच्या पट्ट्या सरकवा.

ठेवायची जागा म्हणजे घरातला सगळ्यात थंड, खालचा कप्पा. पेटीतली सिलिका जेल पावसाळ्यात हवी, फेब्रुवारीत काढून टाका. उन्हाळ्यात ती चामड्यातली उरलीसुरली ओलही शोषून घेते. महिन्यातून एकदा भाता सावकाश पूर्ण उघडून मिटा. सकाळी उघडा, दुपारच्या तापलेल्या खोलीत नको.

नवा भाता कधी

टॉर्च लावल्यावर ठिपके मोजता येत असतील तर दुरुस्ती करा. सगळा कोपरा रेषेसारखा उजळत असेल, किंवा घड्यांचे सपाट भागही मंद चमकत असतील, तर दुरुस्तीचा हट्ट सोडा. प्रत्येक थरानं भाता जाड होत जातो, मिटल्यावर पूर्ण बसत नाही आणि पुढची चौकट ढकलतो.

भाता बनवणं कठीण वाटतं तेवढं नाही. केरळातल्या अलप्पुझाचा वागीश्वरी कॅमेरा एका भात्याच्या दुरुस्तीतून जन्मला. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या घरातल्या करुणाकरन यांच्याकडे एका फोटोग्राफरनं आपल्या कॅमेऱ्याचा भाता आणला, आणि १९४०च्या दशकात तिथून अख्खा कॅमेरा उभा राहिला. पेटीचा भाता ज्याला कळतो त्याला कॅमेऱ्याचा अवघड जात नाही. म्हणून गावातल्या हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे आधी जा.

हिशोब असा. समजा भाता ३०० मिमी ताणला जायला हवा आणि घडीची एक बाजू १५ मिमी रुंद आहे. पूर्ण ताणला तरी घडी सपाट होऊ द्यायची नसते, साधारण ८० टक्केच उघडायची, म्हणजे एका पट्टीमागे १२ मिमी मिळतात. ३०० भागिले १२ म्हणजे २५ पट्ट्या. एक जादा धरून २६ घ्या. बाहेरचं कापड, कार्ड आणि अस्तर मिळून एका पट्टीची जाडी १ मिमी धरली तर मिटलेला भाता सुमारे २६ मिमी होतो. तेवढी जागा कॅमेऱ्यात आहे का ते मोजूनच कापड कापा. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये २ ते ३ मिमी मोकळी जागा सोडावी लागते, तिथेच घडी मोडते. आधी ब्राउन पेपरचा नमुना करा. मागे रुंद, पुढे निमुळता असा भाता कागदावर आखताना चुका होतात, त्या कागदातच होऊ द्या.

पट्ट्या हातानं कापू नका, बाइंडरकडे जा. मंगळवार पेठेत वह्या-चोपड्या बांधणाऱ्या एका अण्णांनी माझ्या हातातला पुठ्ठा दोन बोटांत वाकवून बाजूला ठेवला. म्हणाले, “हे मोडतंय बघा, वळत नाही. तुम्हाला लग्नपत्रिकेचं कार्ड लागतंय.” आणि खरंच, ०.३ ते ०.४ मिमीचं ते कार्ड घडीला धार देतं पण अंगावर येत नाही. कटर मशीनवर सगळ्या पट्ट्या एका रुंदीच्या निघतात, आणि भाता सरळ मिटणार की वाकडा ते त्यावरच ठरतं.

अस्तराला दाट विणीचं, चमक नसलेलं काळं सुती कापड घ्या. आत चमक असेल तर लेन्सचा उजेड भिंतींवर आपटून फिल्मवर येतो आणि चित्राचा कॉन्ट्रास्ट मरतो. जोड नेहमी तळाच्या बाजूला ठेवा, तिथे ऊन सगळ्यात कमी पोचतं. लांब भाता मधोमध खाली झोळला तर चित्राचा कोपरा कापला जातो, त्यासाठी मधल्या घडीला फितीची एक कडी शिवून ती वरच्या बाजूला अडकवायची सोय करा.

चौकटीला चिकटवून झाल्यावर एक दिवस ताणून ठेवा, टॉर्च लावा, आणि टोपीची चाचणी पुन्हा घ्या, यावेळी भर दुपारी गच्चीवर. ती स्वच्छ निघाली तरी फोटो काढताना डार्क स्लाइड ओढल्यापासून परत बसेपर्यंत कॅमेऱ्यावर काळं कापड टाकायची सवय ठेवा. होल्डरच्या फटीवर कापडाची एक घडी जास्त टाका, कारण मे महिन्यात लाकूड पुन्हा आकसणारच आहे.